मकावची रिकामी खुर्ची

"मकावला? आई, तू सीरियसली बोलतेस?" फोनवर अक्षयाचा आवाज चढला. ती लंडनमध्ये ईलिंगला राहायची. जन्म, शाळा, सगळं इंग्लंडमधलंच, त्यामुळे मराठी जरा मोडकी. "आपला पहिला घर गेला त्या जुगारात. विसरलात तुम्ही?"

"नाही विसरलो," वैजयंती म्हणाली. "पण तुझ्या चुलतभावाच्या, अवधूतच्या लग्नाला हाँगकाँगला जातोच आहोत. सगळे पाहुणे एक दिवस मकावचे कसिनो बघायला जाणार. आम्ही दोघांनीच हॉटेलात तोंड लपवून बसायचं? किती वर्षं पळायचं, बाळा?"

तिचा नवरा श्रीकांत समोरच बसून ऐकत होता. लीड्सला घराजवळ वाटेत बेटिंगचं दुकान आलं की अजूनही दोघं रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

मकावमध्ये बस थेट कसिनोच्या दारात थांबली. आत छतावर रंगवलेलं निळं आकाश, खाली कालवा, कालव्यात होड्या. पाहुणे फोटो काढत पांगले. वैजयंतीने श्रीकांतचा हात धरला तो सोडलाच नाही.

"होड्या झाल्या. आता खेळायचा हॉल बघू," ती म्हणाली.

"नको, वैजू."

"लांबून बघायला आलो नाही आपण."

हॉलमध्ये एका टेबलाभोवती गर्दी होती. एक बाई पत्त्याचा कोपरा नखाने हळूहळू उचलत होती. बघणाऱ्यांचे श्वास अडकले होते. पत्ता उलटला आणि एकच गलका झाला. श्रीकांत दाराकडे बघू लागला.

"निघूया?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

एक खुर्ची रिकामी झाली. पत्ते वाटणाऱ्या मुलीने या दोघांकडे बघून हसत खुर्चीकडे हात केला. वैजयंतीची नजर खुर्चीवरून हलेना. श्रीकांतची बोटं अजून तिच्या मुठीत होती. तिने ती घट्ट दाबली.

"नो, थँक यू," ती शांतपणे म्हणाली.

बाहेर कडक ऊन होतं. रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या गोड एग टार्ट खाताना दोघांना हसू फुटलं, ते थांबेचना. मागून आलेल्या अवधूतच्या मावशीने विचारलं, "जिंकलात वाटतं?"

"हो," वैजयंती म्हणाली. "सगळंच."

परतल्यावरच्या मंगळवारी ती दोघं लीड्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये गेली. जुगार सोडलेल्यांची बैठक तिथे दर आठवड्याला भरायची. या वेळी अक्षयाही मुद्दाम ईलिंगहून आली होती, बाबांना बिलगून बसली होती. बैठक चालवणारी सारा म्हणाली, "आज एक बातमी आहे. आपल्यातलं एक जण कसिनोत जाऊन न खेळता परत आलंय. ज्याची त्यानेच सांगावी."

टाळ्या झाल्या. श्रीकांतचे डोळे भरून आले.

वैजयंती उभी राहिली. "माझं नाव वैजयंती," ती म्हणाली, "आणि मी जुगारी आहे."