पलीकडचं उत्तर

पलीकडून उत्तर आलं आणि उमाशंकर सरांनी चिखलातच बसकण मारली. सलग तिसरी संध्याकाळ. सरांनी स्पीकरवर बेडकाचा आवाज लावायचा, मिनिटभर थांबायचं, आणि येडशीच्या त्या पाझर तलावाच्या समोरून, सांडव्याच्या बाजूनं, तस्साच आवाज यायचा. दाराची कडी तीनदा वाजवावी तसं टक टक टक आणि मागून एक लांब घुर्र. जिल्ह्यातले झाडून सगळे बेडूक सरांना आवाजावरून ओळखू यायचे. हा त्यातला नव्हता. नवीन होता.

पण तो आधी त्यांना सापडलेला नव्हता, आणि खरं दुखणं तेच होतं. त्याचा आवाज मोबाइलवर टिपला होता शिवांजलीनं, त्यांच्याच हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीनं. पंधरा दिवसांपूर्वी, याच तलावावर, एकदाच. तिनं भाबडेपणानं तो सरांच्या मोबाइलवर पाठवला. सरांनी अकरा वेळा ऐकला आणि उलट कळवलं, "साधाच बेडूक आहे. वेळ घालवू नकोस." ती "बरं सर" म्हणाली. तो विषय तिच्या डोक्यातून गेला असं समजून सर गुपचूप तोच आवाज स्पीकरवर घेऊन तलावावर जायला लागले. दुसऱ्या नराचा आवाज कानावर पडला की बेडकाला राहवत नाही, तो ओरडतोच, हे ते वर्गात दरवर्षी शिकवत आले होते.

त्यांचा नुसता जळफळाट होत होता. चोवीस वर्षं त्यांनी धाराशिवचे ओढे, खाणी, पडक्या विहिरी पालथ्या घातल्या. फुरसं चावून महिनाभर दवाखान्यात काढला. पाहुण्यारावळ्यांत 'पाली-बेडकांचे मास्तर' म्हणून हसू करून घेतलं. आणि एवढं करून एकही नवी जात नावावर नाही. एक पाल हातातोंडाशी आली होती, ती पुण्याच्या कुणीतरी सहा महिने आधी छापून टाकली. आणि ही उमरग्याच्या भुसार दुकानदाराची पोर, कालपरवा बेडूक हातात धरायला शिकलेली, हिच्यापुढं बेडूक आपणहून येऊन ओरडतो! देवाच्या घरी काही न्याय आहे की नाही?

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून सरांनी या बेडकावर शोधनिबंध लिहायला घेतला. लेखक म्हणून एकच नाव टाकलं, स्वतःचं. तेवढ्यात दार ढकलून शिवांजली आत आली. सरांनी घाईनं लॅपटॉप मिटला.

"सर, रागावू नका," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही साधा म्हणलात, पण मला राहवंना. तुमच्यापुढं पुरावाच ठेवावा म्हणून न सांगता गेले तलावावर. सोमवारपासून रोज जातेय. सांडव्यापाशी बसते, टिपलेला आवाज स्पीकरवर लावते, अन् पल्याडच्या काठावरनं दुसरा नर उत्तर देतोय! रोज, सातच्या सुमाराला. एक न्हाय सर, दोन हायत, दोन!"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवार. सातचा सुमार. सांडवा. म्हणजे तीन संध्याकाळी ते पल्याडच्या काठाला दडून तिच्या स्पीकरला उत्तर देत होते आणि ती त्यांच्या. खरा बेडूक त्या एका दिवसानंतर तोंड उघडायलाही आलेला नव्हता.

हसावं की रडावं कळेना. पण लगेच दुसरा विचार डोक्यात शिरला. हिला यातलं काहीच ठाऊक नाही.

"प्राणिशास्त्राच्या परिषदेला निबंध पाठवायची आज शेवटची तारीख हाय," शिवांजलीनं आपला लॅपटॉप उघडला. "दोन नरांचे आवाज जोडलेत. आपल्या दोघांचं नाव घातलंय. तुमचं आधी."

परिषदेत कुणीतरी दोन्ही आवाज शेजारी ठेवून बघणार, ते एकच निघणार आणि पोरगी सगळ्यांसमोर तोंडावर पडणार. पुन्हा बेडकांचं नाव काढणार नाही. मग तलाव मोकळा आणि बेडूकही मोकळा. सरांना हा विचार गोड लागला. फार गोड लागला.

"माझं नाव काढ," ते म्हणाले. "मेहनत तुझी, श्रेय तुझंच."

आपला आवाज इतका मोठ्या मनाचा कसा निघाला, याचं त्यांनाच नवल वाटलं. शिवांजलीचे डोळे भरून आले. तिनं त्यांचं नाव वरून काढलं आणि खाली आभारात घातलं. 'उमाशंकर सर, ज्यांनी मला ऐकायला शिकवलं.' सरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"सर," ती लाजत म्हणाली, "माझा पहिलाच निबंध हाय. पाठवायचं बटण तुमीच दाबा."

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. सरांनी बोट पुढं केलं, बटणावर टेकवलं. एवढं दाबलं की झालं. शेजारी ती श्वास रोखून उभी होती, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी. सरांना स्वतःची अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी बोट उचललं, आपला मिटलेला लॅपटॉप उघडला आणि तिच्यापुढं सरकवला.

ती वाचत गेली. तोच तलाव, तोच आवाज, त्याच तीन तारखा आणि वर एकच नाव.

"हे काय, सर?"

"पल्याडच्या काठावर दुसरा नर न्हाय, पोरी," सर म्हणाले. "तो मी होतो."