जुन्या फलाटाची उंची

माधवराव फलाटावर पालथे पडून नळाखाली टेप सारत होते. पेण आणि रोह्याच्या मधलं आडवाटेचं हॉल्ट. नळ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. खाली पाण्याची बाटलीसुद्धा उभी राहीना.

"उठा बाबा. लोक बघतायत," अनन्या म्हणाली.

"बघू देत. नळ नाही खाली आला, फलाट वर आला. तुझी आई गेल्यावर भराव घातला इथे."

पेणच्या घरी जेवणाच्या टेबलावर हेच हॉल्ट प्लॅस्टरमध्ये उभं होतं. रूळ, शेड, डबा, सगळं मापात. काडेपेटीच्या काडीएवढी आनंदीबाई, अनन्याची आई, मात्र डबीत पडून. जुन्या फलाटाची उंची कळल्याशिवाय तिला उभी कुठे करणार? माधवरावांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, जुने फोटो धुंडाळले. कुणाला ठाऊक नाही. कुणाला पडलेलीही नाही. पडली होती त्यांना एकट्याला. गाडी हलली आणि वर चढलेल्या बापाने खालच्या आईचा हात सोडला, म्हणून ती गाडीखाली गेली, असं अनन्या तोंडावर म्हणाली होती. दोषी फलाट होता, हे त्यांना तिला पटवून द्यायचं होतं. बस, एवढ्यासाठी म्हातारा जिवंत होता.

काकड्यांची पाटी घेऊन बसलेली विमलबाई मघापासून मजा बघत होती.

"काय शोधताव दादा? भराव पडायच्या आधी ह्याच नळाखाली माझा हंडा ठेवायची मी. काठ अगदी तोटीला लागायचा."

माधवराव ताडकन उठले. "हंडा आहे अजून?"

"हाय की. रुळापल्याडच घर हाय."

"आणा, बाई! पाया पडतो तुमच्या."

"पाया कशाला पडताव? हंडाच हाय, सोन्याचा नाय."

पोचे पडलेला हंडा आला. माधवरावांनी तो मोजला. त्यातून नळाची आताची उंची वजा केली; फलाट तेवढाच वर आला होता. डब्याचं माप तर पाठच होतं. शेडच्या खांबावर त्यांनी खडूने ठसठशीत रेघ मारली.

"इथे यायचा डब्याचा उंबरठा, खाली पायरीही नव्हती. ये, उभी राहा. तू आईच्याच उंचीची."

अनन्या खांबाला टेकली. रेघ तिच्या कमरेच्या वर आली. तिने पाय उचलून पाहिला. गुडघासुद्धा तिथवर पोचेना.

"बघितलंस?" माधवरावांचा आवाज फाटला. "सांग आता! एवढ्या उंचीवर बाईमाणूस आपलं आपण चढेल कसं?"

"कसली चढतेय!" विमलबाई म्हणाली. "आम्ही बाया एकमेकींना वरून वढून घ्यायचो. वरची घट धरायची, खालची पाय टाकायची."

अनन्याने रेघेवर बोट ठेवलं.

"म्हणजे तिला चढायला दुसरं काहीच नव्हतं, बाबा," ती हळू म्हणाली. "फक्त तुमचा हात होता."

माधवराव तळहाताने रेघ पुसायला लागले. ती जाईना. खांबभर पांढरी पसरत गेली.