तिचा रकाना

संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा तिच्या पायात धावायचे नवे बूट होते आणि खांद्यावर बाळ. पावणेसहालाच तिने त्याला पोटभर पाजलं होतं. नवरा आला की बाळ त्याच्या हातात द्यायचं आणि निघायचं, असं सगळं काटेकोर बसवलेलं. बाळ बाटलीला तोंड लावत नव्हतं, पण पोट भरलं की तीन तास गप्प असायचं. तीस किलोमीटरला तिला दोन तास चाळीस मिनिटं लागायची. म्हणजे तब्बल पाच मिनिटं हाताशी उरत होती. बाळ झाल्यापासूनच्या पाच महिन्यांत एवढी चैन तिने पाहिली नव्हती.

नवरा सहाच्या ठोक्याला येणार होता. त्याचे आज नुसते बारा किलोमीटर धावायचे होते, तेही रमतगमत. त्याचे तीस मागच्या रविवारीच झाले होते आणि क्लबच्या संघातली जागा पक्की होती. तिची व्हायची होती. महिन्याभरात एकदा तरी सलग तीस, नाहीतर शर्यतीला नाव नाही, हा क्लबच्या प्रशिक्षक सरांचा नियम. महिना आज संपत होता. नऊच्या आत सरावाच्या तक्त्याचा फोटो सरांना पाठवायचा होता.

तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. एक रकाना त्याचा, एक तिचा. "घरातले दोन धावपटू एकाच कागदावर!" म्हणत त्यानेच तो हौसेने आखला होता.

सव्वासहाला तिने त्याला फोन लावला. फोन आतल्या खोलीत, चार्जरवर वाजला.

मग ती दारात जाऊन उभी राहिली. मग जिन्यात, मग खाली फाटकाशी. पुढे पुढे जाऊन उभं राहिलं की माणूस लवकर येतो, असं तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "बाळाला फिरवायला एवढे भारी बूट?"

"नाही हो काकू, बुटांना फिरवायला बाळ घेतलंय."

काकू पोट धरून हसल्या. ती नाही हसली.

सात वाजून पाच मिनिटांनी तो आला. घामाने निथळत होता आणि चेहरा असा खुललेला की कुणालाही बघून बरं वाटावं.

"अगं, काय सांगू तुला! आज पाय असे सुटले ना, थांबावंसंच वाटेना. बारा म्हणता म्हणता बावीस झाले!"

"सहा म्हणाला होतास."

"हो गं, पण अशी लय रोज लागते का? तुला मी काय सांगायचं, तूही धावतेस." मग त्याचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. "जा ना मग. मी आलोय ना आता. कोणी अडवलंय?"

खरंच, कोणीही अडवलं नव्हतं. फक्त ती परतली असती पावणेदहाला, बाळ भुकेने टाहो फोडणार होतं पावणेनऊला आणि सर तक्ता बघणार होते नऊला. तेवढं सोडलं तर रस्ता मोकळाच होता.

ती खुर्चीत बसली. बाळ खांद्यावरच झोपलं होतं. संताप आला की तिची वाचाच बसायची, आणि त्याला तो समजूतदारपणा वाटायचा. तो जमिनीवर आडवा झाला, पाय भिंतीला टेकवून पडून राहिला. पोटऱ्या मोकळ्या झाल्यावर उठला आणि पेन घेऊन फ्रिजपाशी गेला. आपल्या रकान्यात त्याने ऐटीत बावीस लिहिले. मग तिच्या रकान्यातही काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"विश्रांती."

ती उठून जवळ गेली. दिवसातून वीसदा ती हा फ्रिज उघडायची, पण कागद वाचायला उभं राहायला वेळ कोणाला होता? तिच्या रकान्यात कुठे पाच, कुठे आठ, तिच्या अक्षरात. मधल्या सगळ्या रिकाम्या जागा त्याने भरल्या होत्या. विश्रांती. विश्रांती. विश्रांती.

"मंगळवारी बाळाला ताप होता," ती म्हणाली. "रात्रभर याला घेऊन घरात फेऱ्या मारत होते मी."

"अगं, धावलं नाही की विश्रांतीच लिहितात. क्लबात सगळेच लिहितात. जागा कोरी सोडली तर सरांना वाटेल, तू आळस केलास." तिच्यासाठी आपण केवढी काळजी घेतली, असाच त्याचा चेहरा होता. "आता नऊपर्यंत काही व्हायचं नाही. पाठवूनच टाकतो."

फोटो गेला. उत्तर लगेच आलं. त्याने ते मोठ्याने वाचलं, "'तुझे बावीस झकास. तिची विश्रांती मात्र फारच झाली. नाव काढतोय.'"

वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तो वाईट माणूस असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

ती परत खुर्चीत बसली आणि एका हाताने बुटाची नाडी सोडायला लागली. लांब पल्ल्याला सुटू नये म्हणून तिने निरगाठ मारली होती. एका हाताला ती दाद देईना.

"थांब, थांब. बाळ उठेल. मी सोडतो."

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. नखं लावून, जपून, त्याने एकेक गाठ सोडवली, दोन्ही बूट काढले आणि उलटे करून उजेडात धरले.

"बघ," तो तिची समजूत काढत म्हणाला, "तळ अजून कोरे करकरीत आहेत. पुढच्या वर्षीही हेच चालतील."