गाळलेलं कडवं

ऐन वेळी तिने रेकॉर्डचा आवाज खाली ओढला. गिटार गप्प, ड्रम गप्प, आणि पलंगावरच्या म्हाताऱ्यापुढे अर्धीच ओळ उरली. 'तुझा उजेड यावा म्हणून विझवला मी माझा...' तिने त्याच्या डाव्या तळहातावर बोटांनी ठेका धरला. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, जबडा वेडावाकडा हलला आणि शब्द बाहेर पडला. तोही सुरात.

"दिवा."

खुर्चीतल्या मुलीने रुमालात तोंड लपवलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्या बाबांना साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. ताई, तुमचे उपकार कसे फेडू, असं ती पुनःपुन्हा म्हणाली. ताई नुसत्या हसल्या. उपकार म्हणे! कसले उपकार आणि कसलं काय!

गेलेली वाचा परत आणणं हे तिचं काम. झटक्याने बोलणं गेलं तरी गाणं बऱ्याचदा शाबूत राहतं. म्हणून गाणं लावायचं, तळव्यावर ठेका धरायचा, ओळीचा शेवटचा शब्द गाळायचा, आणि पेशंटने तो भरायचा. या कामाला कुठलंही गाणं चाललं असतं, अगदी बडबडगीतसुद्धा. पण तिने मुद्दाम या म्हाताऱ्याचीच रेकॉर्ड आणली होती. कान किटतील अशा गिटारी आणि मधोमध देवाला घातलेली साद. एके काळी या गाण्यांनी पोरांना वेड लावलं होतं. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत याचंच नाव होतं. गायकही हाच, कवीही हाच.

त्यातला एकही शब्द त्याचा नव्हता. सगळी गाणी तिच्या दादाची होती. दादा याच्या बँडमध्ये डोळे मिटून गिटार वाजवायचा आणि तिची वायर जोडायलाच विसरायचा, म्हणून सगळे त्याला बावळ्या म्हणायचे. त्याने ते नाव हौसेने उचललं आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो नवं गाणं म्हणायचा, आणि ती कणीक मळता मळता ऐकायची. मग रेकॉर्ड निघाली. तबकडीवर जागा पुरेना, म्हणून शेवटची कडवी गाळावी लागली, असं या गृहस्थाने सांगितलं. दादाने ते खरं मानलं. शेवटी बावळाच तो.

ती भांड भांड भांडली होती. दादा म्हणायचा, नाव गेलं तर जाऊ दे, गाणं राहिलं ना? दुसऱ्याच्या दुकानात वाद्यं दुरुस्त करता करता तो एक दिवस गेला. त्यानंतर ती रेकॉर्ड तिने घरात येऊ दिली नाही. शेजारी कुणी लावली तर खिडक्या लावून घ्यायची. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. या माणसावर ती काठी पडली तेव्हा त्याचा आवाजच गेला, आणि नेमका तो हिच्याच वॉर्डात येऊन पडला. त्याने तिला पाहताक्षणी ओळखलं. चांगल्या हाताने पलंगाची दांडी घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. फिरव, ती मनात म्हणाली, कान कुठे फिरवशील?

इतक्या वर्षांनी तिने ती गाणी पहिल्यांदा ऐकली ती त्याच्या उशाशी बसून. वाईट वाटली असती तर बरं झालं असतं. पण ती अजून तितकीच सुंदर होती, आणि या मेल्याचा आवाज त्यांना शोभत होता. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड नव्याने निघणार होती, पुन्हा याच्याच नावाने. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. गाणी कुणाची ते याच्याच तोंडून, याच्याच मुलीसमोर वदवून घ्यायचं.

आज मुलगी समोर होती. तिने शेवटचं गाणं लावलं आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही. गाणं संपलं. तिने यंत्र बंद केलं, पण तळव्यावरचा ठेका सोडला नाही. शांत खोलीत नुसता ठेका चालू राहिला. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. काय हवंय ते त्याला कळलं होतं. त्याने डोळे मिटले असते, तोंड घट्ट मिटलं असतं, तरी कुणी काही म्हणालं नसतं. ती मनातल्या मनात दात-ओठ खात होती. गा, चोरा, गा.

त्याने तोंड उघडलं.

"बावळा म्हणे, पूस माझे नाव. पाटीही तुझी, बोटही तुझे."

मुलगी दचकून उठली. बाबांच्या रेकॉर्डी तिला तोंडपाठ होत्या.

"हे कडवं तर कुठेच नाही," ती म्हणाली. "ताई, हा बावळा कोण?"

हाच प्रश्न! याच प्रश्नासाठी तिने जन्मभर उत्तर धार लावून ठेवलं होतं. चोर, दगाबाज, माझ्या भावाचं खाल्लंस, सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण इतकी वर्षं त्या ओळीतलं फक्त नाव तिच्या लक्षात राहिलं होतं. त्या नावाचं काय कर म्हणून दादाने देवाला सांगितलं होतं, ते तिला आज ऐकू आलं. स्टूल दिसलं, मिटलेले डोळे दिसले. तिने बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही केल्या फुटेना. मुलगी वाट पाहत उभी राहिली.

तेव्हा म्हाताऱ्याने चांगल्या हाताने तिचा हात ओढून घेतला, उताणा केला, आणि तिच्या तळव्यावर हळूहळू ठेका धरला.