तुलनेसाठी नवरा

व्यायामाची सवय कायमची कशी लावायची, हे शोधण्यात मानसशास्त्रज्ञ बाईंची हयात गेली. पहिल्या प्रयोगात माणसं कमी पडली, म्हणून त्यांनी नवऱ्यालाच तुलनेसाठीच्या, व्यायाम न करणाऱ्या गटात बसवलं. प्रयोग केव्हाच संपला. तरी बाई "अहो, जरा फिरून या" म्हणाल्या की नवरा सोफ्यावरून म्हणायचा, "नको गं, तुझे निष्कर्ष बिघडतील."

बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात विभागप्रमुखांनी चिमटा काढला, "बाई, व्यायामवाले तर सगळे महिन्याभरात गळाले. ज्यानं तुमचं आयुष्यभर ऐकलं असा एक तरी माणूस दाखवा." सभागृह हसलं. बाईंचा चेहरा पडला.



पहिल्या रांगेतून नवऱ्यानं बसल्या बसल्या हात वर केला.