तिसऱ्या गाण्यातला ठोका

केतकीने गाणं वाजत असलेला फोन कानाशी धरला. ड्रम अँड बेस या वेगवान नाचाच्या संगीताचा नवा अल्बम उद्या येणार होता, आणि तिसऱ्या गाण्याचा ताल संगीत रचणाऱ्या यंत्राने तिच्या बाळाच्या सोनोग्राफीतल्या हृदयाच्या ठोक्यांवरून बांधला होता. बाळ श्रावणात पोटातच गेलं होतं. अल्बम काढणाऱ्या कंपनीला आईची संमती हवी होती, आणि गाण्याला नाव. नाही म्हटलं तर ठोके पुसले जाणार होते.

"नाहीच म्हण," नवरा, उन्मेष, म्हणाला. "परकी पोरं नाचणार त्याच्यावर."

"नाचू देत की रे. पोरांतच राहील. माझ्या पोटात थांबलं ते, इथं बघ कसं धावतंय."

उन्मेषने फोनचा आवाज वाढवला.

बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, तसं फोनला ओठ लावून केतकीने हळूच नाव सांगितलं.

ठोका क्षणभर थबकला, ऐकल्यासारखा, आणि पुन्हा धावू लागला.