पेटीची ओटी

खोलीत एक गर्भपेटी, म्हणजे आईच्या पोटाबाहेरचं यांत्रिक गर्भाशय, होती, तिच्यात एकतीस आठवड्यांचं बाळ, शेजारी एक यूपीएस आणि एक इन्व्हर्टर. डोहाळजेवणाचे पाहुणे नुकतेच गेले होते. वीज त्याआधीच गेली होती.

"यूपीएस चार तास चालणार होता ना?" केतकीने विचारलं.

"तुझ्या आईनं फोटोवाल्याचे मोठे दिवे त्यालाच जोडले. पेटीची ओटी भरताना अंधार नको म्हणून."

"आणि तू बर्फी खात बघत बसलास!"

निनादने वाकून बॅटरीचा आकडा पाहिला. यूपीएसमध्ये सहा मिनिटं उरली होती. रुग्णवाहिका यायला अर्धा तास होता. इन्व्हर्टर रात्रभर पुरला असता, पण तो स्वस्तातला होता. त्याच्या खडबडीत विजेवर पेटीतला रक्तपंप अडखळायचा. बाळाचे ठोके मिनिटाला शंभराखाली गेले तर मेंदूला इजा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अरे, जोड ना! पंप बंद पडण्यापेक्षा अडखळलेला बरा."

"आणि जळला तर?"

"निनाद, जोड!"

त्याने प्लग बदलला. पंप थांबला, गुरगुरला आणि धक्के खात फिरू लागला. केतकीने पेटीच्या काचेवर दोन्ही तळवे टेकवले.

पेटीच्या पडद्यावर आकडा आला. ठोके मिनिटाला अठ्ठ्याण्णव होते.